दोरीपलीकडची शिट्टी

६ ऑक्टोबर

वहिनी,

लिफाफ्यावर तुझ्याआधी सौभाग्यवती लिहायचं की श्रीमती, यावर मी अर्धी दुपार अडून बसले. शेवटी नुसतं 'वहिनी' लिहिलं आणि पाहुण्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिलं. तो म्हणाला, "त्या गावात फोन लागत नाही, पण वहिनी म्हटलं की एकच दार उघडतं." तेव्हा पोचेल.

आधी कामाचं बोलते. पाऊस सरला, रस्ता सुकला, आणि आमच्या ऑफिसातून या मोसमातले पहिले पाहुणे तुमच्याकडे निघालेत. गावाच्या सहा खोल्यांत मावतील तेवढेच घेतलेत, मालक कितीही कुरकुरले तरी. नियम मी स्वतः वाचून दाखवले. रानात मोठ्याने बोलायचं नाही, वाटाड्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, दोरी बांधलेल्या वाटेला जायचं नाही. आणि धुकं उतरलं की आहे तिथे उभं राहायचं, शिट्टी ऐकू आली की शिट्टीच्या दिशेने चालायचं. हे शेवटचं मी दोनदा वाचून दाखवलं. शिट्टीचा नियम दादानेच बसवला ना.

खरं विचारायचंय ते असं, की तुला हे झेपणार आहे का? ऐन पावसात दादा रानात फेरी मारायला म्हणून गेला आणि नदीने त्याची काठी अन् पिशवी तेवढी परत दिली. खुंटीवरचे त्याचे कपडेही तू अजून हलवले नसशील. मी मालकांना सांगून यंदा तुझं घर वगळायला लावते. तू इकडे ये. दोन खोल्या आहेत, नवरा घोरतो, बाकी काही त्रास नाही.

तुझी
धाकटी


२० ऑक्टोबर

धाकटे,

तुझा नवरा लग्नानंतर आमच्याकडे राहायला आला होता तेव्हा त्याचं घोरणं अख्ख्या गावाने ऐकलंय. त्यापेक्षा बिबट्या परवडला. मी कुठेही येत नाही, आणि माझ्या काळजीने तू वाळू नकोस.

पाहुणे आले, राहिले, गेले. मला वाटलं होतं त्यांच्यासमोर रडू फुटेल. पण चादरी धुवायच्या, आंघोळीचं पाणी तापवायचं, एकीला दूध चालत नाही, एकाला उशी उंच लागते. रडायला सवड कोणाला? बंदूककाकांनी त्यांना नेहमीची गोष्ट सांगितली. आमच्या वनसमितीचे हे अध्यक्ष तरुणपणी नावाजलेले शिकारी. बंदूक केव्हाच जमा केली, नाव तेवढं चिकटून राहिलं. पूर्वी बिबट्याने शेळी मारली की गाव त्या मेलेल्या शेळीत विष भरून ठेवायचं. आता शेळी गेली तर पाहुण्यांच्या पैशातून समिती भरपाई देते, त्यामुळे विषाची बाटली कोणाच्या घरात उरली नाही आणि रान पुन्हा भरलं. काका हे सांगताना दर वेळी डोळे पुसतात. खरंच पुसतात की पाहुण्यांना दाखवायला, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

आता एक सांगते, घाबरू नकोस. शेवटच्या सकाळी पाहुण्यांना घेऊन आम्ही दरीच्या तोंडापर्यंत गेलो. मी चहाची किटली घेऊन मागे होते. तिथे दोरी आहे. आत बिबट्याची मादी व्यायली, तेव्हा ह्यांनीच ती बांधली होती. एकदा दोरी लागली की पिल्लं आईमागून बाहेर पडेपर्यंत आत कोणी जायचं नाही, पाहुणा नाही, गवत कापणारी बाई नाही, समितीचा अध्यक्षसुद्धा नाही. आम्ही उभे होतो, धुकं विरत होतं, आणि दोरीच्या आतून शिट्टी आली. ह्यांची शिट्टी. पुढचा दात पडल्यापासून तिच्यात जरा हवा सुटायची. ती हवासुद्धा होती.

एका पाहुण्याने विचारलं, "आत पण वाटाड्या आहे का?" मग काका म्हणाले, "नकल्या आहे तो. पक्षी." आमच्याकडचा तो काळा, लांब शेपटीचा, मांजराचा आवाज काढून कोंबड्यांची तारांबळ उडवणारा. पाहुणे हसले. मीही हसले आणि सगळ्यांना चहा ओतून दिला. पण त्या दिवसापासून माझे हात गार पडलेत ते गारच आहेत.

वहिनी


३ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र वाचून मला ऑफिसातच रडू आलं, आणि त्याच वेळी मालक समोर उभे राहून हात चोळत होते. गावातल्या पोरांकडून दादाचं ऐकून पाहुण्यांनी परत येऊन जगभर सांगितलंय की हरवलेल्या वाटाड्याची शिट्टी अजून रानात ऐकू येते. रोज फोन येतात. मालकांना आता मोठी बस लावायची आहे. मी म्हटलं, खोल्या सहाच आहेत. ते म्हणाले, तंबू ठोकू. बघते काय करायचं ते.

तुझ्या गार हातांवर मात्र औषध मिळवलंय. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. जन्मभर पक्ष्यांच्या मागे हिंडले. त्यांची बायको म्हणते, माझ्या मागे याच्या निम्मे हिंडले असते तरी मी खूश झाले असते. त्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, यात भुताटकी काही नाही. हा पक्षी ऐकलेला आवाज उचलतो, पण एकदा ऐकून उचलत नाही. पुन्हा पुन्हा, जवळून कानावर पडला तरच तो त्याच्या गळ्यात बसतो. आणि हा पक्षी फार लांब जात नाही. ज्या झाडांत राहतो, तिथे ऐकलेलंच बोलतो.

म्हणजे बघ, दादा पाहुण्यांना घेऊन त्या बाजूने किती वेळा गेला असेल. त्या पक्ष्याने त्याच्या शिट्ट्या जपून ठेवल्या. मला तर हे ऐकून फार बरं वाटलं. भिंतीवरच्या फोटोपेक्षा हे चांगलं नाही का? निदान आवाज राहिला आपल्याकडे. आता शांत झोप.

धाकटी


१२ नोव्हेंबर

धाकटे,

मास्तरांना माझा नमस्कार सांग. आणि हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस.

वाटाड्यांच्या शिट्ट्या दोन असतात. पाहुण्यांना ऐकवतात ती 'या' म्हणणारी. दोन तुटक, मग एक वर चढणारी. दुसरी पाहुण्यांना कधी ऐकवत नाहीत, उगाच घाबरतील. ती फक्त गावातल्यांसाठी. एक लांब, खाली उतरत जाणारी, मग थांबायचं, मग पुन्हा तशीच. तिचा अर्थ, मी अडकलोय, माझ्याकडे या. तिला उत्तरही आहे, दोन छोट्या, हळू: ऐकलं, येतेय. लग्नानंतर ह्यांनी मला हे सगळं गोठ्यामागे नेऊन शिकवलं, कारण तुझ्या आईला बाईने शिट्टी मारलेली खपत नसे. गाल दुखेपर्यंत हसलो होतो आम्ही.

दरीतला नकल्या 'या' म्हणत नाही. तो दुसरी मारतो.

ती शिट्टी ह्यांनी शिकवताना सोडली तर उभ्या जन्मात माझ्यासमोर कधी मारली नाही. पाहुण्यांसमोर तर नाहीच नाही. मग त्या पक्ष्याने ती पुन्हा पुन्हा, जवळून, कधी ऐकली?

काठी-पिशवी नदीत सापडली म्हणून आम्ही नदी शोधली, पार खालच्या बंधाऱ्यापर्यंत. सगळं रान पालथं घातलं, ती दरी सोडून. दरीतला ओढा नदीलाच मिळतो, हे काय आम्हाला माहीत नव्हतं? पण तिथे बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. दोरी ह्यांनी बांधलेली. हे ती ओलांडतील कसे? दुसरा कोणी हरवला असता तर आम्ही सगळ्यात आधी तिथेच गेलो असतो.

मी काकांना सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पोरी, त्या दिवसांत मी ऐकली होती. पावसाच्या आवाजातून यायची. मला वाटलं नकल्याच आहे." आणि मग म्हातारा जो रडला, तो मी कधी बघितला नव्हता. माझ्या मनात आलं की त्यांना मारावं. त्याऐवजी पाणी दिलं.

समितीची बैठक बोलावली आहे. मला आत जायचंय, धाकटे. ह्यांना तिथून घरी आणायचंय, जे काही उरलं असेल ते. दुसरं मला काही सुचत नाही. सकाळी कामं आवरली की दोरीपर्यंत जाऊन येते. तेवढेच पाय मोकळे होतात.

वहिनी


१७ नोव्हेंबर

वहिनी,

बैठक कसली घेताय? माझा भाऊ तिथे हाका मारत मेलाय आणि तुम्ही समितीला विचारताय, आत जाऊ का म्हणून? एका बिबट्यापायी? माझं पोट त्या रानावरच चालतं, मला नको शिकवायला. पण बिबटे पुष्कळ आहेत, दादा मला एकच होता.

पत्र मिळेल त्या दिवशी जा. ढोल बडवत जा, मशाली घेऊन जा, मादीला हुसकून लावा. पिल्लं मेली तर मेली. तुम्हाला जमत नसेल तर मी मालकांना सांगते, ते बसभर माणसं पाठवायला एका पायावर तयार आहेत. एवढी माणसं आत घुसली की कुठला बिबट्या थांबतोय.

हे मी परत वाचणार नाही, वाचलं तर फाडेन. ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवतोय.

धाकटी


३० नोव्हेंबर

धाकटे,

तुझ्या पत्राचा राग आला नाही. माझ्याच मनातलं तू लिहिलंस, आणि माझ्यापेक्षा धडधडीत लिहिलंस.

बैठकीत एकही जण विरोधात बोलला नाही. ज्या नियमावर गावाची चूल पेटते तो नियम गावाने माझ्यासाठी मोडायचं ठरवलं, ढोल-मशालींसकट. दिवस ठरला. आणि त्याच्या आदल्या सकाळी हे घडलं.

पाहुण्यांत एक बाई होत्या, कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवतात. धुकं असं उतरलं की स्वतःचा हात स्वतःला दिसेना. वाटाड्याने सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं. बाई बुटाची नाडी बांधत मागे राहिल्या होत्या. त्यांनी शिट्टी ऐकली आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे शिट्टीच्या दिशेने चालू लागल्या. नवख्या माणसाला शिट्टी ती शिट्टी, त्यातला फरक काय कळणार? मध्ये दोरी पोटाला लागली. त्यांना वाटलं वेल आहे, वाकून पलीकडे गेल्या.

धुकं विरलं तेव्हा त्या दरीत पार आत उभ्या होत्या. समोर कातळावर मादी, पोट जमिनीला टेकवून. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. तिच्या मागे कपारीत पिल्लांची चुळबुळ. बाई पळाल्या नाहीत. नजर खाली ठेवली आणि एकेक पाऊल मागे घेत राहिल्या. मादी त्यांच्या चालीने चालत आली, थेट दोरीपर्यंत, मग वळून गेली. दोरीपाशी मी होते. बाई माझ्या अंगावरच कोसळल्या.

घरी आणून त्यांना गरम पाणी पाजलं. त्या म्हणाल्या, "मला दोन शिट्ट्या ऐकू येत होत्या. एक पुढून, पुरुषाची. आणि तिला उत्तर द्यावं तशी एक मागून, बाईची. कुठे जावं कळेना. पुढची फार कळवळून बोलवत होती, म्हणून तिकडे गेले."

मागची माझी होती, धाकटे. पाय मोकळे करायला जाते असं लिहिलं ते अर्धंच खरं. मी रोज सकाळी दोरीपाशी जाते आणि उत्तर देते. ऐकलं, येतेय. पावसात ऐकलं नाही, म्हणून आता देते. आणि मी उत्तर दिलं की शिट्टी जवळ येते. आधी लांबच्या झाडामागून, मग त्याच्या अलीकडच्या. दोरीपासून हातभर अंतरावर आली की थांबते. पक्षी दिसत नाही. मला त्या धुक्यात पक्षी एकदाही दिसलेला नाही.

बाईंना पंजा लागला असता तर पुढे काय, हे काकांनी मला सांगायची गरज पडली नाही. माणसावर हल्ला झाला की बंदुका येतात. मादी गेली असती, पिल्लं उपाशी मेली असती, खोल्यांना कुलपं लागली असती, आणि वर्षाच्या आत कोणीतरी बाजारातून विषाची बाटली आणली असती. ह्यांनी जन्मभर जे उभं केलं ते माझ्यामुळे एका सकाळीत संपलं असतं. ढोल बडवत गेलो असतो तरी वेगळं काय झालं असतं?

मीच पुन्हा बैठक बोलावली आणि सांगितलं, पिल्लं बाहेर पडेपर्यंत कोणी आत जायचं नाही. मीही नाही. नवऱ्याला अजून तिथेच राहू द्या असं बायको सांगते आणि गाव मान खाली घालून ऐकतं. सांगताना मला स्वतःची किळस आली. घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडले.

मास्तरांना एवढं विचार. तो पक्षी गप्प कशाने होईल?

वहिनी


९ डिसेंबर

वहिनी,

माझं मागचं पत्र जाळून टाक.

त्या भूगोलाच्या बाई परवा आमच्या ऑफिसात आल्या. मालकांनी बसची पाटी रंगवून घेतली होती, 'शिट्टीची दरी : एक थरारक सहल'. बाईंनी ती वाचली, खुर्ची ओढली आणि आवाज न चढवता सगळं सांगितलं. मग एवढंच विचारलं, "बसमधल्या माणसांपैकी एक जरी पळाला असता तर?" मी म्हटलं, बस गेली तर मी उद्यापासून येत नाही. मालकांनी शेवटी पाटी उलटी करून भिंतीला टेकवली. ती किती दिवस उलटी राहील माहीत नाही, पण सहा खोल्यांपलीकडे एक माणूस माझ्या हातून सुटणार नाही. तुमच्या वाटाड्यांनी शिट्टी सोडून काठीला घंटा बांधली असं ड्रायव्हरने सांगितलं. पाहुण्यांना आता तेच सांगते, घंटेकडे चला, शिट्टीकडे नाही.

मास्तरांचं उत्तर लिहायला हात धजत नाही. ते म्हणाले, पक्षी उत्तरासाठीच बोलवतो. उत्तर मिळायचं बंद झालं की तो आवाज हळूहळू सोडून देतो. मिळत राहिलं तर मरेपर्यंत सोडत नाही, पिल्लांनाही शिकवतो.

म्हणजे तुला थांबायला हवं, वहिनी. दादाने बोलवायचं आणि तू ऐकून गप्प बसायचं. हे मी वैऱ्यालाही सांगितलं नसतं. मी येऊ का? तुझ्या तोंडावर हात ठेवून बसेन.

आणखी एक. मी निघताना मास्तरांनी मला दारातून परत बोलावलं. म्हणाले, हा पक्षी नेहमी उंचावरून बोलतो, शेंड्याजवळून. शिट्टी किती उंचीवरून येते, ते तेवढं विचारा. मी विचारणार नव्हते. विचारलं.

धाकटी


११ जानेवारी

वहिनी,

तुझं उत्तर नाही. ड्रायव्हर म्हणतो, तू दिसतेस, पाहुण्यांचं सगळं वेळच्या वेळी करतेस, पण कोणाशी बोलत नाहीस आणि सकाळच्या वेळी तोंडावर रुमाल घट्ट बांधून वावरतेस. पाहुण्यांना काका सांगतात की दात दुखतोय.

दोन ओळी तरी लिही. पुढच्या गाडीने मी निघतेच आहे, असं तीनदा ठरवलं आणि तीनदा राहिलं. खरं कारण सांगू? मला ती शिट्टी ऐकायची भीती वाटते. ऐकली तर मी उत्तर देईन. मला ते येतं, दादाने लहानपणी शिकवलं होतं.

धाकटी


४ फेब्रुवारी

धाकटे,

रुमालाचं खरं आहे. आता सोडलाय.

मी दोरीकडे जायचं बंद केलं, तेव्हा मला वाटलं शिट्टी तिथेच वाट बघून थकेल. ती थकली नाही. काही दिवस दोरीपाशी आली, मग वाटेवर, मग परसात. मी गेले नाही म्हणून ती मला शोधत आली. सकाळी ओट्यापाशी उभी असले की खिडकीबाहेर सुरू व्हायची. लांब, उतरती, मग शांत. त्या शांततेत माझे ओठ आपोआप गोल व्हायचे, म्हणून रुमाल. कापडात दात रोवून मी भांडी घासत राहायचे. मास्तरांनी उंचीचं विचारलं होतं. खिडकीच्या चौकटीच्या उंचीवरून यायची, एवढं सांगते. खिडकी उघडून मी बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्याने गप्प राहवलं नसतं.

मग एके दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी दिवसभर पाहुण्यांवर खेकसत होते.

गेल्या आठवड्यात पाहुण्यांनी नदीच्या अलीकडून मादीला बघितलं. मागे दोन पिल्लं, चांगली मोठी, एकमेकांच्या शेपट्या धरत. कोणी हूं की चूं केलं नाही. एक म्हातारे पाहुणे होते, ते तोंडावर हात दाबून रडत होते. ती तिघं पलीकडच्या डोंगरात गेली, परतली नाहीत, तशी काल काकांनी दोरी सोडली आणि आम्ही आत गेलो, काका, दोन वाटाडे आणि मी.

हे ओढ्याच्या वरच्या अंगाला दोन कातळांमध्ये होते. पाय फटीत अडकलेला. शेजारी तारेचे फास पडले होते, गुंडाळून नीट ठेवलेले, आणि एक मुठीतच होता. बाहेरचं कोणीतरी आत येऊन मादीच्या वाटेवर फास लावून गेलं होतं. दोरी आपल्या माणसांना थांबवते, त्यांना कशी थांबवेल? ते काढायला हे गेले. कोणाला सोबत नेलं नाही, कारण एकापेक्षा जास्त माणसं आत गेली तर मादी पिल्लं टाकून जाईल. माझ्याशी लग्न केलेल्या माणसाचं डोकं असंच चालायचं. शेवटचा फास काढून झाल्यावर पाय घसरला असेल, असं काका म्हणाले. कातळावर नखांनी उकरल्यासारखं होतं. ते मी बघितलं, तू विचारू नकोस.

काल ह्यांना घरी आणलं. मी काकांना सांगितलं, धाकटी आल्याशिवाय काही करायचं नाही.

आज सकाळी मी पीठ मळत होते. आतल्या खोलीत हे, पांढऱ्या चादरीखाली. काका दारात बसलेले. आणि दरीतून शिट्टी आली. इतक्या दिवसांनी. लांब, उतरती, दातातून हवा सुटणारी. रुमाल जवळ नव्हता. मी ओठ आत ओढून घट्ट मिटले, काकांकडे बघत राहिले, आणि ते माझ्याकडे.

मग उत्तर आलं. दरीतूनच. दोन छोट्या, हळू. दुसरी शेवटी जरा चिरकते, ती माझी सवय आहे, ह्यांनी तीस वेळा सांगूनही सुटली नाही. काका माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मी पिठाचे हात वर करून दाखवले, का ते मला माहीत नाही. ऐकलं, येतेय.

त्यानंतर पहिली शिट्टी पुन्हा आली नाही. उत्तर मिळालं आणि ती थांबली. मी रोज उत्तर देत होते तेव्हा ती कधी थांबली नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच खाली बसले, आणि इतकी भीती वाटली की हे पत्रही खाली बसूनच लिहितेय. मास्तर म्हणतील, पक्षी दोन्ही शिकला. म्हणू देत. मलाही तसंच वाटतं, दुपारी उन्हात बसल्यावर.

काकांनी कोणाला न विचारता दरीच्या तोंडाला पुन्हा दोरी बांधली. आत आता कोणतीही मादी व्यालेली नाही, हे गावात पोरासोरांना माहीत आहे. पण कोणी कारण विचारलं नाही. पाहुण्यांनाही आज दुसऱ्या वाटेने नेलं.

पत्र आणणाऱ्या याच गाडीने इकडे ये, ड्रायव्हरला सांगून ठेवलंय. गाडी दरीच्या अंगाने येते, तिथे काच लावून घे. तरी ऐकू आलं तर ऐक, तुझा दादाच आहे तो. उत्तर मात्र तू देऊ नकोस. ते द्यायला तिथे मी आहे.

वहिनी